हळद लागलेल्या बारा जर्सी

लिथुआनिया, शुक्रवार

ती. आईस,
दुर्गेशचा नमस्कार. मी बरा आहे, दोन्ही वेळ जेवतो. फोनवर तू आवाजावरून ओळखशील, म्हणून लिहितो आहे.

युरोपातल्या क्लबांच्या बास्केटबॉल स्पर्धेत आमचा क्लब शेवटच्या आठांत पोचला. खेळाडूंचे कपडे धुऊन इस्त्री करणे माझे काम. मंगळवारच्या सामन्यासाठी नवीन पांढऱ्या जर्सी आल्या. नवा कपडा घालण्याआधी तू हळदीचे बोट लावतेस, तसे मी बाराही जर्सींना काठाशी आतून लावले. खेळताना घाम आला आणि पिवळे बाहेर उतरले.

माझ्यासोबत काम करणारा खंडव्याचा जीवन हसत सुटला, "अबे, पूरी टीम को हल्दी लगा दी! बारात कब है?"

मॅनेजरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शुक्रवारी निर्णायक सामना आहे. एक जरी डाग राहिला तर तू घरी जाशील."

साबणाने डाग लाल झाले. मग तू करतेस तसे उन्हात टाकले. इथले ऊन कोवळे, तरी दोन दिवसांत अकरा जर्सी पांढऱ्या झाल्या. कप्तानाची नाही झाली. जीवन म्हणतो, "चड्डी में खोंस लेगा, किसको दिखेगा? चुप बैठ."

हिमानीचा पेपर कसा गेला? अण्णांचा खोकला थांबला का? त्यांना यातले काही सांगू नकोस.

बाई चार वाजता जर्सी तपासायला येतील. त्याआधी हे पत्र पेटीत टाकतो, नाहीतर पुन्हा खाडाखोड करत बसेन. कप्तानाची जर्सी मी सगळ्यांत वर ठेवली आहे, डाग दिसेल अशी.

तुझा,
दुर्गेश