नॉर्वेला जाण्याचा पक्का बेत

२ मार्च १९५७, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या प्रवासाआधी लिहिण्याची सवय लागलेली बरी.
कारखान्यात नवा बॉयलर बसवायला नॉर्वेहून आलेले ओल्सेनसाहेब आज माझ्या स्टोअरमध्ये वॉशर मागायला आले. वॉशर दिले, वर चहाही पाजला. चहा आवडला. जाताना म्हणाले, "यू मस्ट कम टु नॉर्वे."
'मस्ट' म्हणाले. आमच्या स्टोअरच्या नियमांत जिथे 'मस्ट' आहे तिथे कुणालाही सवलत नाही. म्हणजे जाणं आलंच.
उन्हाळ्यात जाईन. एकाच ठिकाणी जाऊन पडून राहणारे लोक मला आवडत नाहीत. पहाड, समुद्र, एखादं शहर, एखादं खेडं आणि बेताचा बर्फ, असं सगळं पाहायचं.

३ मार्च, रविवार, दुपार
हिला सांगितलं. हिने विचारलं, तिथे भाकरी मिळते का. मग म्हणाली, रजा काढताच आहात तर अलिबागला जाऊ. तिची धाकटी बहीण सुमन तिथे दिलेली आहे. लग्न झाल्यापासून बोलावते आहे. हिने अजून समुद्र पाहिलेला नाही.
मी शांतपणे समजावलं की नॉर्वेच्या समुद्रापुढे अलिबागचा समुद्र म्हणजे काहीच नाही. रजा अशी किरकोळ ठिकाणी खर्च करू नये.
ही "बरं" म्हणाली. पटलेलं दिसतं.

७ मार्च
शेजारच्या उद्धवराव मास्तरांकडून शाळेचं नकाशांचं पुस्तक आणलं. नॉर्वे दोन पानांच्या मध्ये आल्यामुळे त्याचा बराचसा भाग शिलाईत गेला आहे. उरलेल्या भागाचा मार्ग आखला.
तिथे फ्योर्ड नावाचा प्रकार असतो. समुद्र डोंगरांमधून थेट आत शिरतो. जेवणाच्या सुट्टीत सयाजी फिटरला समजावत होतो. सयाजी चिंचवड गावठाणातला, कधी लोणावळ्याच्या पुढे गेलेला नाही. म्हणाला, "मंजी खाडीच की ओ." मी म्हटलं, खाडी वेगळी. म्हणाला, "व्हय? मग त्यात पाणी खारं नसतंया का?"
अशा माणसांशी चर्चा करायची नाही, असं ठरवलं.

१२ मार्च
थंडीचा सराव सुरू. पहाटे विहिरीवर गार पाण्याने अंघोळ. अत्यंत उत्साह.

१३ मार्च
शिंका.

१५ मार्च
रजेवर. अंगात ताप. हिने काढा दिला. उन्हाळ्यात थंडीचा सराव करणं मुळात अशास्त्रीय. बंद.

१९ मार्च
एक गंभीर अडचण. उत्तर नॉर्वेत उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. मग संकष्टीचा चंद्र दिसणार कधी आणि उपास सोडायचा कधी? मास्तरांना विचारलं. ते पंचांग चाळून म्हणाले, शास्त्रात नॉर्वेचा विचार झालेला दिसत नाही.
ही भाजी निवडता निवडता म्हणाली, तिथे उपासच करू नका.
बायकांना प्रश्नाची खोली कळत नाही. तरी तात्पुरता तोच निर्णय घेतला.

२५ मार्च
ओव्हरकोटाची सोय. लोकरीचं कापड परवडण्यातलं नाही. पण देहूरोडला मिलिटरीची जुनी कांबळी विकायला निघाली होती, त्यातलं एक आणलं. चांगलं जाड आहे. स्टेशनजवळच्या बरकत टेलरकडे नेलं. बरकत जुना माणूस, माझ्या लग्नाचा कोट त्यानेच शिवला होता. त्याने माप घेतलं, कांबळं पसरून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, यात दोन कोट आरामात निघतात. वहिनींचं माप कधी देताय?"
मी म्हटलं, ती येणार नाही. मग घराकडे कोण पाहील? बरकत म्हणाला, "हां, ते बी बरोबर," आणि खडूने रेघा ओढायला लागला.
परत येताना उगाच पायी आलो. हिला तिकडून चांगलं चित्राचं पोस्टकार्ड पाठवायचं. दोन पाठवायची.

२ एप्रिल
कोट आला. घरी घालून पाहिला. घरावर पत्रा, बाहेर एप्रिलचं ऊन. कोट अंगात गेला, पण निघेना. घामाने कांबळं फुगलं असावं. हिने एक बाही ओढली, शेजारच्या शालनबाईंनी दुसरी. शेवटी हिने काखेची शिवण उसवली. शालनबाई हसल्या नाहीत. घरी जाऊन हसल्या, ते भिंतीतून ऐकू आलं.
नॉर्वेत हा प्रश्न येणार नाही.

१० एप्रिल
रजेचा अर्ज दिला. कारण: विदेश प्रवास. हेडक्लार्क अर्जुनरावांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. विचारलं, पासपोर्ट काढला का. मी म्हटलं, तपशील मागाहून देतो. ते म्हणाले, रजा मेमध्ये पंधरा दिवस मिळेल, नंतर वर्षभर नाही.
मंजूर करून घेतली. सुरुवात तर झाली.

११ एप्रिल
मास्तर म्हणतात, बोटीने नुसतं पोचायलाच तीन आठवडे लागतील. पंधरा दिवसांच्या रजेत हे कसं बसवावं, याचा विचार चालू आहे.

१८ एप्रिल
सुमनचं पत्र. ये म्हणते. हिने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, रजा मिळालीच आहे आणि बोट काही गाठली जात नाही, तर जाऊ या. मी म्हटलं, साहेबांनी ऐन वेळी बोलावलं आणि मी अलिबागला असलो तर?
 हिने पत्राची घडी घालून डब्यात ठेवली. रात्री जेवताना नेहमीसारखी वाढत होती, फक्त "अजून घ्या" म्हणाली नाही.

२६ एप्रिल
बॉयलर चालू झाला. ओल्सेनसाहेब उद्या निघणार. कँटीनमध्ये निरोपाचा चहा. साहेब एकेकाशी हात मिळवत आले. अर्जुनरावांना म्हणाले, "यू मस्ट कम टु नॉर्वे." सयाजीला तेच. भजी तळणाऱ्या आक्काबाईंनाही तेच. सयाजी म्हणाला, "येतो की. तुमीबी या चिंचवडला." आक्काबाईंनी पदराने हात पुसून हात मिळवला आणि विचारलं, लांब हाय का.
या सगळ्यांना सौजन्य म्हणून सांगितलं असणार. मला मार्चमध्येच सांगितलं होतं.
मी साहेबांना बाजूला घेऊन माझा मार्ग सांगितला. डोंगर, फ्योर्ड, अगदी उत्तरेचा न मावळणारा सूर्य. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग माझं नाव विचारलं. म्हणाले, आपण स्वतः कधी उत्तरेला गेलेलो नाही. सुट्टी लागली की आईकडे जातो, तिचं घर रंगवून देतो, तेवढ्यात सुट्टी संपते. तुम्ही तो सूर्य पाहिलात तर कसा दिसतो ते मला जरूर कळवा.
पत्ता द्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मीही मागितला नाही. ते घाईत होते.

६ मे, सोमवार
रजा सुरू.
सकाळी ही शालनबाईंबरोबर अलिबागला गेली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला इथंच थांबायला हवं. साहेबांचा निरोप यायचा." त्यात टोमणा होता का, हे मी स्टेशनवरून परत येईपर्यंत ठरवत होतो.
शांतता आहे. वाचन, चिंतन करीन.

७ मे
स्टोव्ह पेटत नाही. चिंतन होत नाही.

९ मे
सयाजीने घरून भाकरी आणि ठेचा आणला. जेवताना म्हणाला, "वहिनी न्हाईत तर घर कसं हाटेलावानी वाटतंय." हॉटेलात निदान चहा मिळतो. 
जिला समुद्र पाहायचा होता ती तो पाहत असेल. तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी तिथे नव्हतो. हे मला आज भाकरी खाताना सुचलं. उरलेली भाकरी फडक्यात बांधून ठेवली. ठेचा फार तिखट होता.

१० मे
अलिबागला जातो. मोठ्या समुद्राआधी लहान समुद्राचा अंदाज घेतलेला बरा.

१२ मे, अलिबाग
मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवस बंदराची लाँच. धक्का दिसेनासा होण्याआधीच पोटात ढवळलं. एका कोळणीने माझं डोकं धरलं. म्हणाली, "दादा, ही तर अजून खाडीच हाय." रेवसला दोघांनी मला उतरवलं.
ही किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. मला पाहून ओरडली नाही, धावली नाही. हात पुढे केला. म्हणाली, "या. वाळू पायाखालून सरकते, घाबरू नका." मी घाबरलो नव्हतो. हात मात्र धरला.
भरती कधी, ओहोटी कधी, समुद्रातल्या किल्ल्यात पायी कधी जाता येतं, सगळं हिला पाठ झालं आहे. ही एवढं बोलते हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

२० मे, चिंचवड
परत आलो. ही आणि शालनबाई लाँचने मुंबईला आणि तिथून गाडीने. मी पेण-खोपोलीवरून एसटीने, कारण लाँचचं नुसतं तिकीटघर पाहून मला पुन्हा ढवळलं. घाटात एसटीचं पाणी उकळलं. घरी पोचलो तेव्हा हिची अंघोळ झाली होती, चहा झाला होता आणि शालनबाईंना लाँचच्या टोकाला उभं राहिल्यावर वारा कसा लागतो ते दुसऱ्यांदा सांगणं चाललं होतं. शालनबाई लाँचवर हिच्या शेजारीच उभ्या होत्या, तरी ऐकत होत्या.
त्या गेल्यावर ही म्हणाली, "पुढच्या वर्षी जरा लांब जाऊ या का? बोटीनं?"
मी म्हटलं, बघू.