पोतं पेडल मारत नाही

शनिवार, दि. १४, दुपार

ती. स्व. दादास,

नमस्कार. वहिनींनाही नमस्कार, कारण तुला हे वाचून दाखवणार त्याच. वहिनी, मधलं काही गाळू नका. डोळे गेलेत त्याचे, कान शाबूत आहेत.

माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. आमच्या हॉस्पिटलचे ड्रायव्हरकाका उरलेलं सामान आणायला टेम्पो घेऊन परत निघालेत. चहा होईपर्यंत थांबतो म्हणाले, तेवढ्यात लिहिते आहे.

आमच्या हॉस्पिटलची सायकल मोहिमेची टीम सुखरूप पोचली. उतरायची सोय एका शाळेत आहे. बाकं भिंतीला सरकवून वर्गात गाद्या टाकल्यात. फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट गणित राहिलंय, ते आमचे भूलतज्ज्ञ डॉक्टर सोडवत बसलेत. मेट्रनबाईंनी आल्या आल्या खिडकीजवळची जागा धरली. बाहेर सायकली उतरवणं चाललंय. टेम्पोत मावाव्यात म्हणून हँडल आडवी केली होती, ती सरळ करताना जो तो दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतोय. हवा बरी आहे. उद्या निघायचं. पहिल्या दिवशी रस्ता सपाट, मग चढ.

आपली दोन सीटची सायकलही आणली आहे. तू येत नाहीस हे मी टीमच्या कॅप्टनला सांगितलंच नव्हतं. म्हटलं, ऐन वेळी येशील. इथे पाठीवर लावायचे नंबर वाटले, तेव्हा तुझाही घेतला आणि खिशात घातला.

टेम्पोपासून शाळेपर्यंत मी ती चालवत आणली. वाटेत नेहमीसारखी मोठ्याने सांगत होते, "खड्डा. डावीकडे वळतोय. उतार आहे, पाय थांबव." फाटकाशी आल्यावर लक्षात आलं, मागे कुणीच नाही. आमची सगळी टीम पाठोपाठ येत होती. एरवी माझी टिंगल केल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही ते भूलतज्ज्ञसुद्धा गप्प. मला त्यांचा रागच आला. हसले असते तर बरं झालं असतं.

आता मुद्द्याचं. या सायकलवर एकट्याने निघता येत नाही, तसा इथला नियम आहे. दुसऱ्या टीममध्ये एक वकीलबाई आहेत, जन्मापासून दिसत नाही. त्यांच्या पुढे बसणाऱ्या मैत्रिणीला ताप भरला. कॅप्टनने आमची गाठ घालून दिली. बाई म्हणाल्या, "आंधळी मागते एक डोळा, तुम्ही तर सीटसकट आलात."

मैदानाला फेऱ्या मारल्या. तू निघताना डावा पाय टाकतोस, त्या उजवा. आधी लटपटलो. त्या म्हणाल्या, "निघताना तुमचं पेडल अडतं. कुणाची वाट बघता?"

"भावाची. गेल्या वर्षीपर्यंत त्याला थोडं दिसायचं."

"म्हणजे रुसलेत. रुसू देत. माझं काही गेलंच नाही, तर मी रुसणार कशावर?"

वहिनी, पुढचं सावकाश वाचा.

"मला पोत्यासारखं मागे बांधून मिरवू नकोस," असं तू म्हणालास. मी चपला घालून निघाले. दादा, पोतं पेडल मारत नाही. चढावर निम्मा जोर तुझा असतो. वळणावर तू माझ्याआधी कलतोस, रस्ता मला दिसत असून. हे कधी बोलले नाही, कारण तू शेफारशील.

पण खरं सांगायचं ते हे नाही. वकीलबाईंबरोबर मला सोपं गेलं. त्या चुका काढत नाहीत, गिअरवरून हुज्जत घालत नाहीत. शेवटच्या फेऱ्यांत तर मी तुला विसरलेच होते. मजा आली मला. आणि उतरल्यावर इतकी भीती वाटली की मैदानाच्या कडेला बसून राहिले. मेट्रनबाईंनी पाणी आणून दिलं, उन्हाने झालं असेल म्हणाल्या. मी हो म्हटलं.

वकीलबाईंना मी होकार दिला आहे.

काका उद्या उजाडता परत इकडे येणार आहेत. केबिनमध्ये त्यांच्या शेजारची जागा मोकळी आहे. तू आलास तर वकीलबाई टेम्पोने पहिल्या मुक्कामाला येतील, तिथे त्यांची दुसरी मैत्रीण सायकल घेऊन येऊ शकेल. हे त्यांनीच सुचवलं. नाही आलास तर आम्ही दोघी निघू, आणि ते रोज आणखी सोपं होत जाईल. परत येईन तेव्हा मला लागलेली तुझी सवय मोडलेली असेल. पुढच्या वर्षी मी तुला विचारणारही नाही. मग आपण दोघंही म्हणू, बरंच झालं.

मला ते ‘बरंच झालं’ नकोय, दादा. मला तू हवा आहेस.

काकांचा चहा संपला, दारात उभे आहेत.

उद्या सकाळपर्यंत तुझीच,
धाकटी