पाठ आणि पीठ

सर, तुमच्यानंतर आपल्या संस्कृत विभागात फारसं काही बदललं नाही, खुर्च्या तेवढ्या बदलल्या. आता त्यांना चाकं आहेत, खाली-वर करायला दांडा आहे, आणि खुर्चीचे हात टेबलाखाली जात नाहीत म्हणून आम्ही सगळे टेबलापासून लांब बसून, माना पुढे काढून संगणकात बघतो. विद्यापीठ म्हणजे विद्येचं आसन. संस्थेच्या नावातच बसणं आहे आणि नेमकं तेवढंच आम्हाला जमत नाही, असं मी मध्यंतरी प्राध्यापकांच्या आरोग्य-कार्यशाळेत म्हणालो. शाहूपुरीतून आलेली फिजिओथेरपिस्ट हसली नाही. "सर, जरा उठून दाखवा," म्हणाली. मी टेबलाला धरून उठलो. त्यावरून एक्स-रे निघाला, आणि एक्स-रेवरून डॉक्टरांचा निकाल: तासाला उभं राहणं बंद. बसून शिकवा, नाहीतर काही महिने शिकवूच नका.

इथं पंचाईत झाली. तुमचं वाक्य अजून कानात आहे. "उभा ऱ्हातोय त्यो मास्तर, बसतोय त्यो पुराणिक." फळ्यावर देववाणी आणि तोंडात तुमच्या नेसरी गावची बोली, असा तुमचा कारभार. आम्ही पोक काढून बसलो की पाठीला डस्टर टेकवून म्हणायचात, "पाठ वाकली की पाठांतर बी वाकतंय. ताठ बस की रं." हा श्लेष आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं, तोवर फक्त डस्टर कळायचं.

एकदा दुपारी पुस्तक परत करायला आलो, तर रिकाम्या वर्गात तुम्ही बाकं जोडून उताणे पडलेले, चपला खाली, डोळे मिटलेले. मी दारातच थबकलो. "बघतोस काय? शवासन हाय." मग म्हणालात, "हात दे." मी हात दिला. उठताना तुम्ही ओठ दातांत धरलात. घंटा झाली आणि तुम्ही ताठ उभे राहून पुढचा तास घेतलात. तेव्हा वाटलं होतं, मास्तर असावा तर असा. आता वाटतं, मणका तेवढा तसा नसावा.

काल मी डॉक्टरांचं न ऐकता वर्गात उभाच राहिलो. तास निम्मा झाला नाही तोच फळ्याला टेकलो. पुढच्या बाकावरची उचगावची मुलगी म्हणाली, "बसा की सर. आमी बसूनच शिकतोय न्हवं?" बसलो. एक लांबलचक समास बसून सोडवला; उभ्यानं सुटतो तसाच सुटला. कुणी पुराणिक म्हणालं नाही. दक्षिणाही ठेवली नाही कुणी.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, घडी करून ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. हे सगळं मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहिलंय. वर्गासमोर बसलो, सर. तुमच्यासमोर अजून बसवत नाही.