घाटातली उटी

सांगली, शुक्रवार, एप्रिल १९४४. दिवेलागण.

आज सगळा बेत शांतापुढं मांडला. मोटारीनं वाई, पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर, दुसऱ्या दिवशी आंबेनळीचा घाट उतरून प्रतापगड. पेट्रोलची कुपनं राखली ती यासाठीच, म्हणालो. खोटं! आमचा वसंता ब्रह्मदेशात कामी आल्याची तार आठवडाभर माझ्या कोटाच्या खिशात आहे, आणि या घरात ती तिला वाचून दाखवायचा धीर होत नाही. वर डोंगरात कुठंतरी सांगेन, असं ठरवलं होतं. तिथं तरी जमलं असतं का? कोण जाणे.

शांता हसली. "अहो, घाटात उटी कोण लावणार?"

चढावर इंजिन तापून गाडी थांबली की वसंता उडी टाकून गाडी मागं घसरू नये म्हणून मागच्या चाकाला लाकडाची उटी लावायचा. गाडी सुटली की तीच उटी काखेत मारून मागून पळत यायचा, आणि ही मागं बघत ओरडायची, "थांबा हो, पोरगं राहिलं!"

"लढाईवरनं येऊ दे त्याला," म्हणाली, "मग जाऊ तिघं."

कोनाड्यातली उटी काढून तिनं पदरानं पुसली, परत ठेवली.

मी बरं म्हणालो. बरं म्हणालो मी!