गोठ्यातल्या बारा कळशा

१४ जून १९९८, रविवार
दूध संस्थेची ऑर्डर मिळाली! २ ऑक्टोबरच्या बक्षीस समारंभासाठी बारा पितळी कळशा. मशीनवर दाबून काढलेल्या, चकचकीत. आजच आणल्यासुद्धा. साडेतीन महिने आधी. मेटलर्जीचा डिप्लोमा उगाच नाही केला.

१५ जून
घरात जागा नाही. पेठ वडगावला धोंडुआत्याच्या गोठ्यात ठेवल्या. आत्या म्हणाली, म्हशी मुतत्यात तितं, भांडी ठिवू नगंस. शास्त्र समजावलं : गंजतं ते लोखंड. पितळाला काय होतंय? आत्या म्हणाली, तुझं तू बघ की.

१२ जुलै
धो धो पाऊस. गोठ्यात उग्र वास, डोळ्यांतून पाणी. कळशा काळपट. संकल्प : दर रविवारी चिंचेनं घासणार.

२ ऑगस्ट
पुढच्या रविवारपासून नक्की.

३० ऑगस्ट
एका कळशीवर टिचकी मारली. टण्ण नाही, टप्प. धातू मुरला असावा.

१ ऑक्टोबर
घासल्या एकदाच्या. गळ्याखाली केसासारख्या उभ्या रेघा. बाराही कळशांवर आहेत, म्हणजे कंपनीचीच डिझाइन. फॅन्सी दिसते.

२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
पहिलं बक्षीस झुंबरबाईंना. त्यांची म्हैस रोज अठरा लिटर देते. रिकामी कळशी कशी द्यायची, म्हणून चेअरमन आकारामदादांनी त्यांच्याच म्हशीचं दूध भरून उचलली. डिझाइनमधून दूध थेट दादांच्या धोतरावर. सगळा मंडप हसला. झुंबरबाई हसल्या नाहीत. माईकसमोरच म्हणाल्या, जल्मात पयल्यांदा स्टेजवर चढली, आन् फुटकी कळशी व्हय?
मी मागच्या बाजूनं निघालो. पळालो नाही.

४ ऑक्टोबर
कॉलेजातल्या सरांना कळशी दाखवली. म्हणाले, दाबून घडवलेल्या पितळात ताण राहतो. मुताचा अमोनिया आणि दमट हवा मिळाली की ते आपोआप तडकतं. हे शिकवलं होतं. मी म्हणालो, त्या दिवशी मी गैरहजर असणार. सर म्हणाले, पहिल्या बाकावर होतास. झोपला होतास.

११ ऑक्टोबर, रविवार, दुपारी ४
नवी कळशी घेऊन सकाळीच झुंबरबाईंकडे आलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला. मग कळशी पाण्यानं काठोकाठ भरून दारातल्या दांडीला टांगली आणि मला बरोबर तिच्याखाली बसवलं.
हे तिथेच बसून लिहितोय. सहा तास झाले, एक थेंब पडलेला नाही. मघाशी विचारलं, जाऊ का? म्हणाल्या, बसा की पावणं, घाई काय हाय?
अजून अकरा घरं बाकी आहेत.