धा उतरवायचा नव्हता

तीर्थरूप बाबा,

काल तुमची तेरवी झाली. उद्या सकाळी मी मोताळ्याला सासरी निघणार. पण तुमच्याशी भांडल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही, म्हणून लिहायला बसले. रागात लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर चालवून घ्या.

काल भजनी मंडळी अंगणात बसली. नामदेवकाकांनी पेटी पुढ्यात ओढली आणि तुमचीच चाल काढली. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, भावानं भावाची आठवण ठेवली. आणि दुसऱ्याच ओळीला काकांनी धा उतरवला, कोमल केला! सगळी चाल पांढऱ्या पट्ट्यांची, तीत मधेच काळी पट्टी दाबली! मंडळींनी माना डोलावल्या, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि मी भिंतीशी बसून दातओठ खात राहिले.

शेवटी राहवलं नाही. बायकांतून उठून ओरडले, "काका, धा वर घ्या! बाबा असं नाई वाजवत!"

"बस खाली, गंगे," काका म्हणाले. "मयताच्या घरी कोनी हसऱ्या सुरात वाजोते काय? लोक काय म्हनतीन?"

हसरा सूर! ऐकलंत? जन्मभर तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाला हेच कळलं?

तुमची गिटार घरात आली तो दिवस आठवतो का? खामगावच्या कापसाच्या कंपनीतला गोरा साहेब विलायतेला परत निघाला. त्याचं सामान तुम्ही बैलगाडीतून स्टेशनावर पोचवलंत आणि येताना त्यानं दिलेलं हे लाकडी पोट घेऊन आलात. आई म्हणाली, "हे काय उचलून आनलं? सरकी ठेवाले तरी येते काय याच्यात?" तुम्ही हसलात नुसते.

त्याआधी साहेबाच्या ओट्यावर बसून तुम्ही पुष्कळ शिकला होतात, पण जपलीत एकच गोष्ट. सरगम साधीच घ्यायची, एकही सूर बदलायचा नाही, फक्त घर सा वर न करता रे वर करायचं. तिथून निघायचं, तिथंच परतायचं. रे ला घर केलं की तोच नवा सा होतो. मग गा आणि नी आपोआप उतरतात, धा मात्र वरच राहतो. साहेब त्याला डोरियन म्हणायचा. तुम्ही एकदा वाजवून पाहिलंत आणि म्हणालात, "हा तं आपला काफी राग हाय, साहेब!" किती वेळा सांगितलीत ही गोष्ट! दर वेळी साहेबाचा चेहरा करून दाखवायचात.

तुमची चाल मात्र नंतरची. रघूदादा तापानं गेला त्या वर्षाची. मंडळींनी तेव्हाही म्हटलं होतं, पोटचा पोरगा गेला, आता देवळात काही रडवणारं घ्या. तुम्ही घेतलं नाहीत. मागच्या दारी बसून ही चाल बांधलीत आणि मला म्हणालात, "गंगे, गा उतरला म्हनून डोये भरते. धा उतरू देऊ नको, नाई तं सांडते."

मी ते विसरले नाही. गिटारवर म ची पकड, सगळे सूर एकदम दाबायची, तुम्ही मला किती दिवस घोटायला लावलीत! पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं, आणि मधलं बोट धा वर. मधलं बोट जरा उचललं की धा एक पडदा खाली येतो आणि सगळी पकड मलूल होते. बोटं सोलून निघाली तरी तुम्ही म्हणायचात, "दाब, अजून दाब." मी दाबत होते.

आणि मग काय केलंत? "घरात वाजव पोरी. देवळात बाईमानसानं वाजोनं बरं नाई दिसत." झालं! जिला धा ठाऊक तिला दाराआड ठेवलंत आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना मंडळीत बसवलंत. मग काल जे झालं ते कोणामुळे झालं, बाबा? एकट्या काकांवर कशी रागावू मी?

वर काका काय म्हणाले माहीत आहे? "गिटार मारोतीच्या देवळात टांगू, दादाची निशानी म्हनून." टांगू! तारा गंजू देत, पोटात पाली शिरू देत, पण निशाणी राहू दे!

तेव्हा आई उठली. आत गेली, गिटार घेऊन आली आणि सगळ्यांदेखत माझ्या मांडीवर ठेवली. काकांना म्हणाली, "रघूच्या वक्ती त्या सुरानं मले उभं ठेवलं, भाऊजी. आज काऊन पाडून राह्यले?"

हे तिनं तुम्हाला कधी सांगितलं होतं का हो? मला तर नाही. तुम्हाला वाटायचं, तिचं लक्ष चुलीकडेच असतं.

काकांनी पेटीचा भाता सोडला. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि मी वाजवलं नाही! हात असे कापत होते की पहिलं बोटसुद्धा तारांवर टेकेना. त्याचाही राग आलाय, तो कोणावर काढू?

गिटार मी मोताळ्याला नेतेय. सासरी बोलतील, बोलू देत. पण येत्या एकादशीला मी परत इथं पिंपळगावात येईन आणि देवळात मंडळींच्या मधोमध बसेन. तुमचा शब्द मोडते आहे, हे तुम्हाला सांगूनच मोडते. आईला पुढ्यात बसवीन आणि तुमची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवीन. माझे डोळे भरतील, बाबा. पण मधलं बोट उचलणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
गंगू