कडेचा मऊ तुकडा

प्रिय फियोरेन्झा,

आज दुपारी आईने बिस्कोत्ती केली, तीच दोनदा भाजायची बदामाची बिस्किटं. आपलं प्रातोचं स्वयंपाकघर बदामाच्या वासावर तरंगत होतं, खिडकीतलं ऊनसुद्धा पिठासारखं अंगावर बसत होतं. पहिल्या भाजणीची लांब वडी गरम असतानाच तिने तिरके काप पाडले. तिचा हात अजून चुकत नाही, फक्त माणसं ओळखताना ती चुकते.

दुसऱ्या भाजणीआधी तिने कडेचा मऊ तुकडा माझ्यापुढे धरला. "घे फियोरेन्झा, तुला असाच आवडतो ना?"

आठवतंय? असाच तुकडा पळवलास म्हणून ती तुला म्हणाली होती, "धीर म्हणून नाहीच! नवराही असाच अर्धकच्चा उचललास!" त्याच दिवशी तू घर सोडलंस. बारा वर्षं झाली.

"तेव्हा फार बोलले गं मी," आई म्हणाली. "राग गेला का?"

मी निवेस आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि तो तुकडाच खाल्ला. "गेला, आई," म्हटलं. तिने पिठाचा हात माझ्या गालावर ठेवला. मला असा हात तिने कधीच लावला नव्हता.

हे पत्र बदामाच्या बरणीखाली ठेवतेय. पाठवलं तर तू धावत येशील, आणि मग तो हात तुझ्या गालावर जाईल.

तुझी धाकटी,
निवेस